आगेऱ्याची पेंढी कुठून आणायची?

या महिन्यात सात पत्रं आली, त्यांतली चार आगेऱ्याची, म्हणजे आपल्या ख्रिस्ती गावठाणांतल्या सुगीच्या सणाची. उरलेली तीन (दोन लग्नाची, एक कबरस्तानातल्या जागेचं) पुढच्या अंकात घेते. ज्यांचं पत्र इथे दिसणार नाही त्यांनी रागावू नये. कबरस्तानवाल्यांना तर तशी घाई नसावी.

टीचर, सप्रेम नमस्कार. मी आमच्या धर्मग्राम (पॅरिश) परिषदेवर आहे. आमच्या गावठाणात आता भाताचं एकही खाचर उरलेलं नाही. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. बॅण्ड असतो, लुगडी नेसलेल्या बायका असतात, क्रुसापासून चर्चपर्यंत मिरवणूक निघते. पेंढी दरवर्षी एक जण पालघरकडून आणायचे. गेल्या वर्षी ते आजारी पडले आणि ऐनवेळी मंडपवाल्याने त्याच्या सजावटीच्या सामानातून एक पेंढी काढून दिली. ती धरून मीच चाललो. अर्पणाच्या वेळी फादरांच्या हातात देताना नीट पाहिलं, तर ते भात नव्हतंच. गव्हाच्या वाळक्या लोंब्या होत्या, सोनेरी रंग मारलेल्या. फादर काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप आली नाही. आता परिषदेत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात, शेतीच नाही तर सुगीचा सण कशाला? त्याऐवजी 'धर्मग्राम दिन' करू आणि ज्याने त्याने आपापल्या कामाची वस्तू अर्पण करावी. जुनी माणसं म्हणतात, परंपरा मोडायची नाही. मला दोघांचंही पटतं. काय करू?
— एक सदस्य, मुंबई उपनगर

सोनेरी लोंब्यांचं वाचून आधी मी एकटीच मोठ्याने हसले. मग वडिलांची आठवण आली आणि हसू थांबलं.

आमचं गावठाण अंधेरीच्या पूर्वेला. वडील दीड एकर भात खंडाने करायचे. आगेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते विळा घेऊन निघायचे आणि मी मागून. बांधालगतच्या कोपऱ्यातलं भात आधी पिकायचं, तिथली एक मूठ कापायची, पेंढ्याच्याच वेठाने बांधायची. तोवर घरात नवा तांदूळ शिजत नसे. जुना संपला तर वाण्याकडून आणायचा, पण नव्याला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी सगळ्या घरांच्या पेंढ्या क्रुसापाशी जमायच्या. आमचा क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेला; मुंबईच्या कितीतरी गावठाणांत तसेच क्रूस आहेत. तिथे प्रार्थना, मग बॅण्ड, मग चर्च. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आशीर्वादित पेंढी सोडून प्रत्येक घराला दोन-चार लोंब्या मिळत. आमची लोंबी घरातल्या वेदीवरच्या तसबिरीमागे वर्षभर खोचलेली असे आणि जूनमध्ये तिचे दाणे बियाण्यात मिसळले जात. दुपारी आई नव्या पोह्यांची नारळाच्या रसातली गूळ घातलेली खीर करायची. त्या खिरीसाठी मी मिस्सेत प्रवचन संपायची वाट बघायचे हे आता कबूल करायला हरकत नाही.

१९७० च्या आसपास जमीन गेली. कशी गेली ते इथे नको. त्या कागदांची एक ट्रंक अजून माळ्यावर आहे. त्या वर्षी वडील आगेऱ्याला आले नाहीत. पुढच्या जूनमध्ये मात्र त्यांनी कुठूनसं तेलाचं एक पिंप आणलं, उभं चिरून त्याची दोन डोणगी केली, विहिरीजवळची माती भरली आणि अंगणात भात पेरलं. शेजारी म्हणाले, म्हातारा भ्रमला. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचेही नव्हते. ऑक्टोबरात दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी पेंढी निघाली. ती घेऊन ते मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे.

असं नऊ वर्षं चाललं. त्यातल्या एका वर्षी चिमण्यांनी दाणा न् दाणा फस्त केला. शनिवारी संध्याकाळी वडील नेहमीसारखे विळा घेऊन बसले आणि रिकामी ताटं कापली. आई म्हणाली, "लोक हसतील." ते म्हणाले, "चिमण्यांनी त्यांचा आगेरा केला, आता आपण आपला करू." आमचे तेव्हाचे फादर वसईचे, शेतकऱ्याच्याच घरातले. त्यांनी तो नुसता पेंढा हातात घेतला, नाकाशी नेऊन वास घेतला, वडिलांकडे पाहिलं आणि त्यावर पवित्र जल शिंपडलं. हसलं कुणीच नाही.

तेव्हा भाऊ, गावात शेती आहे की नाही, यावर मला तुमचा प्रश्न अडलेला वाटत नाही. आमच्या अंगणातल्या त्या पिंपाला शेती कोण म्हणेल? पण त्या चिमूटभर पेंढीबद्दल वडील सगळं सांगू शकत होते: बी कुणाकडून आणलं, पाऊस कधी ओढला, दाणे कुणी खाल्ले. तुमच्या गेल्या वर्षीच्या पेंढीबद्दल कुणाला काय सांगता आलं असतं? तुम्हाला झोप लागली नाही ती त्यामुळे, आणि नाही लागली हे बरंच झालं.

बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय काढून परिषदेच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवायची, एवढ्यावर तिथे भागत नाही. ठेवणाऱ्याला बोलावं लागतं. माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आमचा छळ झाला, देवाने सोडवलं, ही जमीन दिली, आणि हे बघ तिचं पहिलं फळ, अशी सगळी कहाणी त्याने सांगायची. टोपली मुक्याने ठेवायची सोयच नाही. आणि लगेच पुढे म्हटलंय की हा आनंद तुझ्यात राहणाऱ्या परक्यालाही बरोबर घेऊन कर.

आता तुमच्या पालघरच्या पेंढीकडे या. ती आणण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण आजवर ती टेम्पोतून आली, पैसे चुकते झाले, विषय संपला. ज्याने ते भात लावलं त्याला कुणी बोलावलं का? त्या लावणीला आलेल्या वारली बायका कोणत्या पाड्यावरच्या, हे कुणी विचारलं का? यंदा त्या शेतकऱ्याला कुटुंबासकट बोलवा, येण्याजाण्याचा खर्च परिषदेने करा, पुढच्या बाकावर बसवा आणि पेंढी त्याच्याच हातून वेदीपाशी जाऊ द्या. तो ख्रिस्ती नसेल तरी चालेल. त्याला फक्त आधी नीट समजावून सांगा, आणि फादरांच्या कानावर घाला. जेवायला थांबवा. आपण रोज ज्याचं खातो त्याचं तोंड वर्षातून एकदा दिसावं, एवढं तरी सुगीच्या सणाने करावंच.

आणि पुढच्या जूनपासून पिंप सुरू करा. चेष्टा करत नाही. चर्चच्या आवारात चार जुने टब सहज मावतात. हळवं भात घ्या, ते साधारण ११० दिवसांत तयार होतं. गरवं घेतलंत तर आगेऱ्याला नुसती हिरवी पात हाती येईल. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या हळव्या जाती आहेत, बियाणाच्या दुकानात 'कर्जत' म्हटलंत की कळतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका टबात दाट पेरा, तीन आठवड्यांनी उपटून बाकीच्या टबांत चार-चार काड्या लावा. हे काम धर्मशिक्षणाच्या मुलांना द्या, चिखल त्यांना आवडतो. टबाला भोक असेल तर बुजवा, कारण भाताला पाय पाण्यात लागतात. आणि त्या पाण्यात गप्पी मासे सोडायला विसरू नका, नाहीतर ऑगस्टमध्ये पालिकेचा माणूस येऊन फादरांना डासांच्या अळ्या दाखवील. दाणा भरू लागला की वरून जाळी. चिमण्या आता पूर्वीएवढ्या नाहीत, पण कबुतरं आहेत.

तरुणांच्या 'कामाची वस्तू अर्पण करू' या सूचनेबद्दल. मी एका ठिकाणी हे पाहिलंय. मिरवणुकीत लॅपटॉप, स्टेथोस्कोप, हेल्मेट, एकाने तर स्कूटरची किल्ली आणली होती. मिस्सा संपल्यावर ज्याने त्याने आपापली वस्तू उचलून घरी नेली. अहो, परत न्यायचं त्याला अर्पण कसं म्हणायचं? भाताची पेंढी परत मागायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. पहिल्या पिकाचा अर्थ त्यांना आजच्या कमाईत शोधायचा असेल तर फार चांगलं, मग नोकरी लागलेल्या मुलामुलींनी पहिल्या पगारातला हिस्सा पाकिटात घालून पेंढीशेजारी ठेवावा आणि तो धर्मग्रामातल्या एखाद्या अडलेल्या घराकडे जावा. स्कूटरची किल्ली खिशातच राहू दे.

सण बंद करण्याबद्दल मात्र एकच सांगते. आमच्या मरोळचं जुनं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५७९ चं. १८४० मध्ये साथीमुळे वस्ती तिथून हलली आणि ते ओस पडलं. आज ते सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहे, छप्पर नाही, भिंतींतून झाडं वाढलेली. तरी वर्षातून एकदा आमचे लोक फाटकातून रांगेने आत जातात आणि त्या पडक्या भिंतींमध्ये मिस्सा होते. वाटेतल्या त्या कंपन्यांच्या जागी कुणाकुणाची खाचरं होती ते म्हातारे बोटाने दाखवत चालतात. माझाही हात उठतो. तुमच्या तरुणांना एकदा घेऊन या. मग बैठकीत मत घ्या.

प्रिय टीचर, मी सातवीत आहे. आगेऱ्याला आपण भात अर्पण करतो. मग मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून मिळते ती कम्युनियनची भाकर गव्हाची का? आमच्या घरी तर रोज तांदळाची भाकरी असते. हे मी धर्मशिक्षणात विचारलं तर सगळे हसले.

हसणाऱ्यांना उत्तर येत नव्हतं, म्हणून हसले. प्रश्न उत्तम आहे.

येशूच्या देशात गहू पिकायचा, तांदूळ नव्हे. शेवटच्या भोजनाला त्याने जे हातात घेतलं तेच आपण घ्यायचं, असं चर्चने ठरवलं. १९८३ च्या धर्मसंहितेतला ९२४ वा नियम सांगतो की भाकर फक्त गव्हाचीच हवी आणि शिळी होऊन बिघडलेली नको, द्राक्षारस द्राक्षांचाच हवा. जपानमध्येही गहूच आणि केरळातही गहूच. म्हणून आगेऱ्याचं भात अर्पणाच्या मिरवणुकीत येतं, त्याला आशीर्वाद मिळतो, पण ख्रिस्तशरीर व्हायचं काम गव्हाकडे.

(मोठ्यांसाठी: ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लूटेनची भाकर चालते, मुळीच ग्लूटेन नसलेली चालत नाही. त्यांना नुसता द्राक्षारसही घेता येतो. फादरांना आधी सांगून ठेवावं, रांगेत उभं राहून नाही.)

तू योहानाच्या १२ व्या अध्यायातलं २४ वं वचन वाच. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असं येशू म्हणतो. आता एका कुंडीत भाताचा दाणा पेर आणि दोन आठवड्यांनी हळूच उपटून बघ, जुन्या दाण्याचं काय उरलंय. नुसतं टरफल सापडेल. तेवढं धर्मशिक्षणाच्या वर्गात घेऊन जा.

टीचर, माझी बायको गोव्याची. ती दरवर्षी ऐकवते की त्यांचं कणसाचं फेस्त ऑगस्टमध्येच होतं आणि तुम्ही मुंबईचे लोक झोपून उठता ऑक्टोबरात. तिला काय उत्तर देऊ? आणि 'आगेरा' हा शब्द आला कुठून?

लग्नाला किती वर्षं झाली ते लिहिलं नाहीत, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

वहिनींचं खरं आहे. राय गावात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला कणसं कापतात. मंगळुरूकडे ८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, नवं जेवण होतं. आमचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. भात ज्याच्या त्याच्या पावसाने पिकतं, त्याला कॅलेंडर वाचता येत नाही.

पण तुमच्या बाजूने एक मुद्दा देते. रोझरी मातेचा सण आज ७ ऑक्टोबरला असतो, कारण १५७१ ची लेपांटोची आरमारी लढाई त्या तारखेची, आणि तिथला विजय रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेने मिळाला असं मानलं गेलं. १५७३ मध्ये तेरावे ग्रेगरी पोप यांनी मात्र तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ठेवला होता, आणि १९१३ पर्यंत तो रविवारीच होत असे. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी पेंढी आणि रोझरी एकाच दिवशी चर्चमध्ये यायची. मला हा योगायोग वाटत नाही. कोकणातल्या एखाद्या शहाण्या फादराने पिकलेलं भात आणि मातेचा रविवार यांची गाठ घातली असावी असं माझं आपलं मत. वहिनींना हे सांगा. ऐकल्या नाहीत तर ऑगस्टमध्ये गोव्याला जाऊन जेवून या आणि ऑक्टोबरात त्यांना इथे वाढा.

शब्दावरूनही विचारलंत. लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेत. आपल्याकडे 'आगर' म्हणजे बाग किंवा मिठाचं शेत. मिठागर आणि आगरी हे शब्द तुम्ही रोज ऐकता. दोन्ही शब्द मातीतलेच, भांडण नको.

टीचर, आमच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या वहिनींनी दसऱ्याला आमच्या दारावर बांधायला 'नवं' दिलं: भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूचं फूल, एकत्र बांधलेलं. मी बांधलं. आमच्या प्रार्थनागटातली एक बाई म्हणाली, हे आपल्यात चालत नाही, काढ. मी काढलं, आणि वहिनींना लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. चुकलं का माझं?

काढलंत ते चुकलं. बांधलं होतं ते नाही.

लोंबी घरात आल्याचा आनंद वहिनी दारावर बांधतात, आम्ही तसबिरीमागे खोचत होतो. तुमच्या दारावर त्यांनी कुणा देवाची पूजा मांडली नव्हती, आपल्या गावाहून आलेल्या भातातला वाटा दिला होता. तो आगेऱ्याला आम्ही शेजारी वाटायचो तसाच. आमच्या गावठाणात पाठारे क्षत्रिय घरं होती, त्यांच्याकडे आमची लोंबी जायची आणि त्यांची आमच्याकडे यायची. आई दोन्ही एकाच तसबिरीमागे खोचायची. कोणती कुणाची हे महिन्याभरात तिलाही ओळखता येत नसे. कोणत्याही फादराने तिला कधी टोकलं नाही, आणि टोकलं असतं तर आईने त्यांना खीर दिली नसती.

तुमच्या मैत्रिणीचा हेतू वाईट नसेल. त्यांना आगेऱ्याला बोलवा आणि पेंढी धरायला द्या. वहिनींकडे मात्र आजच जा. कारण सांगायची गरज नाही. "नवं पडलं, दुसरं आहे का?" एवढं विचारा. कोकणी घरात दुसरं असतंच.

ता. क. — मागच्या अंकातली दुरुस्ती

बांद्र्याच्या जत्रेच्या उत्तरात मी लिहिलं होतं की मोत माउलीच्या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा १९६४ मध्ये मिळाला. तो १९५४ मध्ये मिळाला. चर्चची आजची इमारत १९०४ ची, ते बरोबर होतं. तीन वाचकांनी ही चूक कळवली. त्यांतल्या एकांनी विचारलंय की तुम्ही खरंच शिक्षिका होता का. होते. पण मराठीची, इतिहास दुसऱ्या बाई घ्यायच्या.